कपाळाने अडवलेला गोल

क्लबचा गोलकीपर चाळिशीला टेकला होता, तरी निवृत्तीचं नाव काढत नव्हता. "ज्या दिवशी चेंडू दिसणार नाही, त्या दिवशी थांबेन," असं तो बायकोला बजावायचा.

अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. चेंडू सुटला. गोलकीपर जागचा हललाही नाही, आणि चेंडू त्याच्या कपाळावर आदळून मैदानाबाहेर गेला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. सहकाऱ्यांच्या खांद्यावर हा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलेला.

ड्रेसिंग रूममध्ये कोचने त्याला मिठी मारली. "काय अडवलास रे!"

"मी नाही अडवला. मला तो दिसलाच नाही. मी आजपासून थांबतोय."

मार डोक्यात गेला असं वाटून कोचने लगबगीने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दोन बोटं त्याच्यासमोर धरली. "किती?"

"चार," गोलकीपर प्रामाणिकपणे म्हणाला.

इतर तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "डोकं ठणठणीत आहे. चष्मा लागलाय."

घरी बायको त्याच्या टेंगळावर बर्फ धरून बसली. "जिंकून थांबलास, मग तोंड का पाडलंस?"

"फुकटच्या टाळ्या घेतल्या गं."

"इतकी वर्षं कितीतरी गोल खरंच अडवलेस, कुणी बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या टाळ्या आज मिळाल्या समज."

त्याला ते पटलं. जरा वेळाने म्हणाला, "पण त्यातलेही दोन-तीन वजा कर. नशिबाने अडले होते."