सुधारलेली लीना

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत त्या रविवारी दीक्षाने कोंबडीचा रस्सा आणि भाकरी केली होती. विवेक आणि सरिता जेवायला आले होते. त्यांचा निनाद शाळेत मारामाऱ्या करू लागला होता, आणि दीक्षाची पंधरा वर्षांची लीना कशी सुधारली ते त्यांना बघायचं होतं.

गेल्या वर्षी लीना शाळा बुडवायची, व्हेप ओढायची, उलट बोलायची. तिचे वडील सदानंद खाणीत इंजिनियर. गावातल्या चार मराठी घरांत त्यांना तोंड दाखवणं जड झालं. सहा तासांवर, गव्हाच्या शेतांत, एक ख्रिस्ती निवासी शाळा होती. साठ वर्षांपूर्वी तिथे अनाथ मुलं असत, मग कोर्टाने धाडलेली आली. आता आईबाप आपणहून पोचवत होते. "धर्म कुठलाही असू दे, शिस्त तर लागेल," सदानंद म्हणाला. बॅग दीक्षानेच भरली. दहा महिने फोन नाही. पत्रं यायची, सगळी सारखीच.

आता घरी परतलेली लीना मान खाली घालून पाहुण्यांना वाढत होती.

"किती गुणी झालीय गं!" सरिता म्हणाली. "कशी होती शाळा, लीना?"

"इट वॉज गुड, आंटी. आय वॉज बॅड."

गप्पा शिफ्टवर, मग पर्थच्या फ्लाइट्सवर गेल्या. दीक्षा पाणी आणायला उठली आणि थबकली. बाथरूमच्या उघड्या दारासमोर लीना हात पाठीशी बांधून उभी होती. "मे आय क्रॉस?" ती पुटपुटत होती. कधीपासून, कोण जाणे. पायांखालची फरशी ओली झाली होती.

"अगं, जायचं ना आत! कोण अडवतंय?" मागून आलेला सदानंद म्हणाला.

"समवन हॅज टु से येस, डॅड. सॉरी. आय विल क्लीन इट." मग ती फरशी पुसायला वाकली. "प्लीज, डोन्ट लॉक मी इन द शेड."



दीक्षाने तिला धुतलं, कपडे बदलले, जवळ बसवलं. टेबलाशी विवेक घसा खाकरून म्हणाला, "सुरुवातीला त्रास होणारच, वहिनी. तरी त्या शाळेचा नंबर देऊन ठेवा."

"नाही देणार." दीक्षा म्हणाली. "माझी मुलगी वाईट नव्हती, भाऊजी. आम्हाला लाज वाटत होती. ती झाकायला मी तिला तिथे सोडून आले."

पाहुणे ताटावरून उठले. सदानंद लीनासमोर जमिनीवर बसला. 

मग लीनाच बोलली, कित्येक महिन्यांनंतर प्रथमच मराठीत. "आई, तिथे अजून एकोणीस मुली आहेत."

ती एकेक नाव सांगू लागली. दीक्षाने वही ओढली. सदानंद पोलिसांचा नंबर लावत होता. कुठल्या तरी घरांत या मुलींच्या आयाही आज पाहुण्यांना सांगत असतील, पोर सुधारतेय म्हणून. त्यांना शोधून दीक्षा एकेकीला फोन करणार होती. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मात्र तिला सुचत नव्हतं.