शेवटची रांग

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या त्या घरात आधीच्या मालकांनी शेगडीमागे वीतभर टाइल लावून हात झटकले होते. त्यांच्याकडे रोज फोडणी थोडीच होत होती. मृणालिनीच्या हळदतेलाने महिन्याभरात भिंत पिवळी झाली, तेव्हा तिने आणि विनयने शनिवारी स्वतःच टाइल लावल्या, कॅबिनेट ओलांडून पार दारापर्यंत.

रविवारी सकाळी चहा पिताना तिच्या लक्षात आलं. दाराजवळ शेवटच्या उभ्या रांगेची कापलेली कड उघडीच होती. बोट फिरवलं तर पात्यासारखी. आणि नेमकं तिथेच ज्ञानदाचं स्टूल. दोन वर्षांची पोर त्यावर चढायची, भिंतीला धरायची आणि आईचा स्वयंपाक बघायची.

दुकानदाराने विचारलं होतं, गोल कडेच्या टाइल हव्यात का. पुण्याच्या घरी असलं काही पाहिलेलं नव्हतं, म्हणून मृणालिनीने ऐटीत नको सांगितलं होतं. आता फोन केला तर त्या रंगातल्या संपलेल्या.

विनयचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे गवंडी व्हाइट सिमेंट फासतो, तसं फासू आणि स्टूल हलवू. पण सिमेंटचे टवके उडणार आणि पोरगी स्टूल परत ओढून आणणार, हे मृणालिनी जाणून होती. कडेला बसवायची धातूची पट्टी मिळते, पण ती टाइलखाली दाबावी लागते. म्हणजे अख्खी रांग काढणं आलं.

"सात टाइल आहेत यार," विनय म्हणाला. "जास्तीच्या उरल्यात दोन. फुटल्या म्हणजे?"

"टाइलखालचा सिमेंटचा मसाला अजून पुरता धरला नाहीये. आज निघतील, उद्या नाही. तू हिला पार्कात ने."

पट्टी आणून तिने काम सुरू केलं. पहिलीच टाइल टचकन फुटली. मग पटाशीचं पातं खालून घालून टाइल उचकटण्याऐवजी तिने ते बाजूने हळूहळू सरकवलं, तशी दुसरी अख्खी निघाली. पुढच्याही निघाल्या. सहावी गेली, सातवी वाचली. जुना मसाला खरवडून तिने नव्या मसाल्यात पट्टी बसवली आणि टाइल पुन्हा दाबल्या, फुटलेल्यांच्या जागी जास्तीच्या दोन.

सोमवारी संध्याकाळी, कड कुठे बोचते का बघायला, तिने जुनी जॉर्जेटची ओढणी पट्टीवर वरपासून खालपर्यंत ओढली. खाली, बरोबर ज्ञानदाच्या हाताच्या उंचीला, धागा अडकला. पट्टीचं कापलेलं टोक घासायचं राहिलं होतं. तिने ते कानशीने घासलं, पुन्हा ओढणी फिरवली. अडकली. पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला ओढणी सरळ घसरून खाली आली.

विनय ऑफिसमधून आला तेव्हा ज्ञानदा स्टूलवर उभी होती, कड मुठीत धरून. तो धावलाच. मृणालिनीने त्याचा दंड धरला.

"राहू दे तिला. मी बघितलंय."

त्याने तरीही ज्ञानदाचा तळवा उलटा करून नीट पाहिला. साधा ओरखडाही नव्हता.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता कपडे बदल आणि ग्राउट कालवायला घे. टाइलमधले सांधे आजच भरायचेत."