तिजानीचे चंदन

लग्न ठरले की घरात आनंद व्हायला हवा. आमच्या सुदानात, ओमदुर्मानच्या अबू रोफ मोहल्ल्यात आधी काळजी शिरते. नवऱ्या मुलाकडून पेट्या येणार, त्या साऱ्या बायकांदेखत उघडल्या जाणार, आणि आत चंदन किती नि कसले निघते त्यावर दोन्ही घरांची लायकी ठरणार! कपडे, अत्तरे, लवंगा हे सारे असतेच. पण बायका माना उंचावतात त्या चंदनासाठी. हे चंदन तुमच्याच मुलखातून येते, वाचकहो. तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनच्या बंदराला शिडाची जहाजे लागत तेव्हापासून येते. आमच्याकडे त्याच्या धुरीवर बसल्याशिवाय नवरी नवरी होत नाही आणि त्या धुरीशिवाय मेलेला माणूस मातीला जात नाही. लाकडात काही खोट नाही. खोट आमच्यात आहे, ती ऐका.

त्या मोहल्ल्यात चंदनाची पारख करणारी बाई एकच, हाजा तोमा. हज करून आलेली म्हणून हाजा, साठी उलटलेली, अंगाने भरलेली, जिभेने तिखट. चंदनाची ढलपी निखाऱ्यावर टाकायची, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, ही तिची रीत. ती "अस्सल!" म्हणाली की बायका आनंदाच्या किलकाऱ्या करत आणि चंदन कुटायला बसत. ती गप्प राहिली की मुलाच्या आईला पेटी परत न्यावी लागे. चाळीस वर्षे तिच्या शब्दावर लग्ने जुळली आणि मोडली.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. बारा दिवसांनी उतरला, पण जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. कांदा नाही, कॉफी नाही, तव्यावर करपलेली किसऱ्याची पातळ भाकरी नाही, काही म्हणजे काही कळेना. तिने हे कोणालाही सांगितले नाही. सांगणार कशी? मोहल्ल्यात तिला जो मान होता तो एवढ्याचाच. त्यानंतरच्या दोन पेट्या तिने नुसत्या अंदाजाने पसंत केल्या. दुसरीतले लाकूड तेल चोळलेले निघाले आणि त्या मुलीच्या आईने चारचौघींत तोंड सोडले. "हाजाचं वय झालं आता," बायका कुजबुजू लागल्या. ते शब्द हाजा तोमाच्या काळजात रुतून बसले.

अशातच तिच्या भाचीच्या, बखीताच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगी इख्लास, आणि मुलगा तिजानी, बाजारात चामड्याच्या वहाणा शिवणारा. बाप लहानपणीच गेलेला. आई सित्तना चामडे कापून द्यायची, हा शिवायचा. अबू रोफमधले अर्धे पाय त्याच्या वहाणांतून चालत होते, तरी त्याला मुलगी द्यायची म्हटल्यावर नाके मुरडलीच. "वहाणवाल्याच्या घरात आंघोळ केली तरी कातड्याचाच वास," असे एक बाई म्हणाली, तेव्हा इख्लासने शांतपणे उत्तर दिले होते, "मला तो वास आवडतो." वर्षभर तिजानी रात्रंदिवस खपला. चंदन घ्यायला बाजारात गेला तेव्हा आईला सोबत घेऊन गेला आणि तीन दुकाने पालथी घालून निवडून आणले.

पेट्या उघडायच्या दिवशी बखीताच्या अंगणात पन्नास बायका जमल्या. सित्तनाने स्वतःच्या हाताने पेटी उघडली. हातभर लांबीचे दोन तांबूस ओंडके. हाजा तोमाने ढलपी काढली, निखाऱ्यावर टाकली आणि डोळे मिटले. धूर तिच्या तोंडावर आला. नुसती गरम हवा! तिने पुन्हा श्वास घेतला. काही नाही.

पन्नास जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. पुन्हा चूक झाली तर? तीही सख्ख्या भाचीच्या दारात? चांगले म्हटले आणि खोटे निघाले तर आपले संपलेच. खोटे म्हटले तर कोण विचारायला येतेय? 'नाही' म्हणणाऱ्याचे कधी काही जात नाही. आणि वहाणवाल्याला असून असून किती पारख असणार!

"हे चंदन नव्हे," ती म्हणाली. "साध्या लाकडाला तेल चोळलंय."

सित्तना पुढे झाली. "हाजा, परत एकदा बघा. अहो, मी स्वतः बघून आणलंय."

"तू?" हाजा हसली. "जन्म गेला कातड्याच्या वासात, चंदन तुला कुठून कळायला!"

बायका हसल्या. वाचकहो, धूर त्या पन्नास जणींच्याही नाकात गेला होता. त्यांना वास आला नसेल का? पण हाजाने 'नाही' म्हटल्यावर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची हिंमत एकीलाही झाली नाही. बखीताने मान खाली घालून सांगितले, "सित्तना, मला चार लोकांत राहायचंय गं. दुसरं आणा, मग दिवस धरू."

सित्तनाने पेटीला कडी लावली. एवढ्या बायकांत तिला पेटी उचलायला हात कोणी लावला नाही.

तिजानीने आठवडाभर टपरी उघडली नाही. मग म्हणाला, अबू हमदच्या वाळवंटात सोन्याच्या विहिरी खणतात, तिकडे जातो. इख्लासला कळले तेव्हा ती भर दुपारी बाजारात त्याच्या टपरीवर जाऊन उभी राहिली.

"मला नको चंदन," ती म्हणाली. "बाभळीच्या धुरीवर बसेन. तू जाऊ नकोस."

"तुला नकोच आहे गं," तो चामडे कापायची रापी पुसत म्हणाला. "तुझ्या आईला हवंय. शेजारणीला हवंय. उद्या आपलं पोर शाळेत जाईल तेव्हा त्यालाही कोणी सांगेल, तुझ्या बापानं तेल चोळलेलं लाकूड आणलं होतं."

"लोक विसरतात."

"हे नाही विसरत. दोन महिन्यांत येतो."

बेचाळिसाव्या दिवशी विहिरीची कड ढासळली. खाली तिघे होते. एकही वाचला नाही.

तिजानीला लॉरीतून घरी आणले. दारात पुरुषांनी काढून ठेवलेल्या वहाणांची रांग लागली होती, त्यांतल्या निम्म्या त्याच्या हातच्या होत्या. आत बायका चटयांवर बसल्या होत्या. बखीता एका कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून रडत होती. इख्लास रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हते. हाजा तोमा भिंतीला टेकली होती. येऊ नये असे तिला फार वाटले होते, पण मयतीला न जाणे मोहल्ल्यात कोणाला जमत नाही.

कफनाला धुरी द्यायची वेळ आली. कोणीतरी विचारले, "चंदन आहे का घरात?"

सित्तना उठली. आतून तीच पेटी घेऊन आली. ओंडका काढला, मुलाच्याच रापीने त्याच्या ढलप्या पाडल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. धूर वर गेला आणि अंगणभर पसरला.

हाजा तोमाला कसलाच वास आला नाही. पण तिला समोरचे चेहरे दिसत होते. रडता रडता एक बाई थांबली. दुसरीने पदर तोंडावरून काढला आणि खोल श्वास घेतला. बखीताने डोके वर केले. एकेक करून साऱ्या माना वळल्या, आणि सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. तेव्हा हाजा तोमाला कळले. चंदन अस्सल होते! मोहल्ल्यात इतके चांगले चंदन कित्येक वर्षांत आले नसेल!

"मला तेव्हाच वाटलं होतं," एक शेजारीण पुटपुटली.

सित्तनाने ते ऐकले. "मग बोलली का नाहीस?" तिने विचारले. आवाज मुळीच चढलेला नव्हता.

हाजा तोमा भिंतीचा आधार घेत उठली. तिची जीभ आयुष्यात पहिल्यांदाच अडखळत होती. "तिचा दोष नाही. दोष माझा. बायांनो, मला वास येत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून येत नाही. त्या दिवशी मला काही म्हणजे काही कळलं नाही. मान जाईल म्हणून खोटं बोलले. सित्तना, तुझं पोर मी मारलं!"

अंगणात एकच गलका उठला. कोणी कपाळ बडवले, कोणी शिव्या दिल्या. बखीता ओरडली, "मावशी, माझ्या पोरीचं वाटोळं केलंस!" आणि खरे सांगायचे तर सगळ्यांना थोडे हलकेही वाटले असेल. दोषी सापडला की बाकीचे मोकळे होतात.

सित्तनाने त्यांना मोकळे होऊ दिले नाही.

"गप्प बसा," ती म्हणाली. "हाजा, तुम्ही खोटं बोललात, त्याचा हिशेब अल्लाह करेल. मी दुसरं विचारते. समजा तुमचं नाक धड असतं. समजा माझ्या पोराला दुकानदारानं फसवलं असतं आणि ते लाकूड खरंच तेल चोळलेलं असतं. मग तो त्या खड्ड्यात मेलेला चालला असता का? सांगा ना! खोटं चंदन आणलं म्हणून पोरानं मरावं का?"

सित्तना साऱ्या बायकांकडे वळली.

"हिचं नाक तापानं गेलं. तुमची सगळ्यांची धड होती. माझं पोर तुमच्या दारात वीस वर्षं आलं-गेलं. तुमच्या मुलांच्या पायात त्यानं वहाणा घातल्या, पैसे नव्हते त्यांच्याही घातल्या. तो कसा आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते हुंगायला लाकूड कशाला लागतं?" मग तिचा आवाज फुटला. "आणि मी तरी काय केलं? पेटी बंद केली आणि खाली मान घालून घरी आले. माझ्या तोंडून 'जाऊ नकोस' निघालं नाही. मलाही वाटलं, एकदा आणू दे बाई, यांची तोंडं बंद होऊ देत!"

बाहेर पुरुषांनी खाट उचलली. पुढे बोलायला वेळ राहिला नाही.

हाजा तोमा त्यानंतर महिनाभर घराबाहेर पडली नाही. मोहल्ला सुधारला असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे झाले नाही. मयतीचा चाळिसावा दिवस झाला नाही तोच पलीकडच्या गल्लीत पेट्या उघडायचे ठरले, आणि पारख करायला दुसऱ्या मोहल्ल्यातून बाई बोलावली! हाजाला ते कळले. ती पदर सावरून, बोलावणे नसताना गेली. निखारे तयार होते. नव्या बाईने ढलपी काढायला हात पुढे केला, तोच हाजा तोमा सरळ पेटीच्या झाकणावर बसली.

"अगं हाजा, हे काय! ऊठ!" मुलीची आई ओरडली.

"नाही उठत. आधी मुलाच्या आईकडे बघा सगळ्या. स्वतःच्या हातानं पेटी आणलीय तिनं. सित्तनानंही अशीच आणली होती. मी एक पोर याच रीतीनं मातीला घातलंय. तुम्हाला तुमच्या वाट्याचं हवंय का?"

"हिचं डोकं फिरलंय," नवी पारखीण म्हणाली.

"तुझ्यामुळे मोहल्ल्यानं रीत सोडायची का?" दुसरी म्हणाली.

"सोडू नका. चंदन लावा, कुटा, जाळा, नवरीला सजवा. पण पोरगा कसा आहे हे त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. लाकडाला काय विचारता?"

चारपाच जणी रागाने उठून निघून गेल्या, त्यांच्याबरोबर पारखीणही गेली. मग नवरीची आजी, जिला नीट उभेही राहता येत नव्हते, तिने बसल्याजागी किलकारी केली. एकटीनेच. मग आणखी दोघीतिघींनी. तेवढ्याच.

त्या वर्षी मोहल्ल्यात नऊ लग्ने झाली. आठ घरांत ढलपी निखाऱ्यावर पडली, एका घरात पडली नाही. वाचकहो, तुमच्याकडे चंदन नसेल, दुसरे काही असेल. ज्या वस्तूवर आपण माणूस तोलतो ती खरी असो वा खोटी, तोलणेच पाप आहे. आणि अंगणात जी हसते, जी गप्प बसते, तिचाही त्या पापात वाटा आहे. हे कळायला कोणाच्या घरी मयत व्हावी लागू नये.

पेटीवर बसली त्या दिवशी हाजा तोमा परतताना सित्तनाच्या दाराशी थांबली. मयतीनंतर ती तिथे गेली नव्हती. सित्तना पीठ मळत होती आणि शेजारी इख्लास गहू निवडत बसली होती. ती आता रोजच तिथे येई. दोघींनीही हाजाला या म्हटले नाही.

हाजाने उंबऱ्यातूनच घडलेले सांगितले.

"कोण मुलगा?" सित्तनाने विचारले.

"गवंडी आहे. पलीकडच्या गल्लीतला."

"घरीच आहे ना? कुठे गेला नाही ना?"

"घरीच आहे."

सित्तनाचे हात क्षणभर थांबले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळू लागली. इख्लासने तोंड फिरवले. तिजानी गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तिला गप्प हो असे कोणी म्हटले नाही.