पोटभर जेवलेले कावळे

माझा स्वभाव संशयी हाय, ते मी लपवीत न्हाई. उगं कुणी गोड बोललं तरी मला वाटतं, ह्याचं पाणी कुठंतरी मुरून राहिलंय. म्हणून नांदेडात गोदावरीच्या काठाला आमचं 'उदगीर भाकरी केंद्र' एकाएकी चालाया लागलं, तसा माझ्या जिवाला घोर लागला.

सुरवातीला नुसत्या माशा मारल्या. नदीकाठ नवा करायचं काम निघालं, जुन्या टपऱ्या उठल्या, फरशी बसली, आन् आमच्या मालकांना, म्हंजे माझ्या नवऱ्याला, विरूपाक्षांना, कुणीतरी सांगितलं की इथं आता लोक फिरायला येणार. कशाचे येतेत! शेजारीच दहाव्याचा घाट. येणारे सगळे रडून डोळे सुजलेले.

भात उरायचा. मला टाकवत न्हाई हो. रोज सकाळी मागल्या बाजूला पत्रावळीवर ठेवायची, कावळे खायचे. तेवढंच पाखरांच्या पोटाला, दुसरं काही मनात नव्हतं.

मग गिऱ्हाईक वाढलं. दहाव्याला आलेले लोक आत येऊन बसायचे. दुसरे हॉटेलवाले सुतकातल्या माणसाला दारात उभं करत न्हाईत. आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक मानत न्हाईत, या, बसा. पण किती बसावं माणसानं? भाकरी मोडायचे आन् एकमेकांकडं चोरून बघायचे. भाऊ भावाकडं, सून सासूकडं. कुजबुजायचे, आन् मी आमटी घेऊन गेले की गप्प. मला वाटलं, बया, आमटीत काही पडलं का काय!

घाटावर डोई करणाऱ्या लिंबाजीला मी एक दिवस गाठलं. "लिंबाजी, हे लोक एवढा वेळ इथं काय करून राहिले?"

तो मिशीत हसला. "वैनी, तुम्ही लई भोळ्या, न्हाईतर लई पोचलेल्या. पिंडाला कावळा शिवंना म्हणून बसतेत. कावळा शिवला न्हाई म्हंजे मेल्याची इच्छा राहिली. कुणामुळं राहिली, ते शोधून राहिलेत."

"मग शिवंना का?"

"तुमच्या मागं पोटभर भात हाणल्यावर कशाला शिवतेत?"

आमच्यात मेल्या माणसाला पुरतात; पिंड न्हाई, कावळा न्हाई. ऐकून माहीत होतं, पण माझ्या भाताशी त्याचा संबंध असंल हे सपनातबी आलं नव्हतं.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "कावळा बसायला आन् फांदी मोडायला एकच गाठ. तू खामखा घाबरती." आन् गल्ल्यावर जाऊन बसले. तवा मला नवऱ्याचाबी शक आला. दुसऱ्या दिवशी मी भात झाकून ठेवला, तर ह्यांनी स्वतः उठून कावळ्यांना घातला!

त्याच दिवशी उमरीकडची मंडळी आली. केवळाबाई नावाच्या बाईचा नवरा गेला होता. उन्हं डोक्यावर आली तरी कावळा शिवंना. गाय पाळू म्हणाले, देवळाला पायरी बांधू म्हणाले. कावळे आमच्या पत्र्यावर चोची पुसत बसलेले. शेवटी तिचा दीर, शेषेराव, तिच्यावर धावून गेला.

"बोल! काय केलंस माझ्या भावाला?" दंडाला धरून तिला हिसडली त्यानं. "हिला आता घरात घ्यायची न्हाई!"

एवढी माणसं, पण एक जण मधी पडंल तर शपथ. ती बाई खाली मान घालून उभी. माझं डोकंच फिरलं. मालक पदर ओढून राहिले, "नीलम्मा, गप ऱ्हा, हॉटेल जाईल!" जाऊ द्या म्हणलं. घाटावर जाऊन ओरडले, "सोडा तिला! कावळे माझा भात खाऊन बसलेत. चला, पत्रावळ दाखवते!"

दाखवली. शेषेरावचा हात सुटला, आन् सगळे माझ्यावर उलटले. मेल्याचा घास चोरती, धंद्यासाठी कावळे फितवती. गावभर झालं. पुन्हा आमच्या बाकड्यावर कुणी बसलं न्हाई, आन् काठ सजवणाऱ्यांनी आमची जागा मागितली तवा आमच्या बाजूनं बोलायला कुणी आलं न्हाई. आता तिथं फोटो काढायची जागा हाय. लई हौसेनं मांडलं होतं हो हॉटेल. आठवलं की आजबी रडू येतं.

पण त्या दिवशी, तिकडं ते लोक दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववत होते, तवा केवळाबाई एकटी आत आली. मी भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली. म्हणलं, "खा बाई. उगं तुमच्यावर आळ आला."

तिनं घास सावकाश गिळला. "कावळे उपाशी असते तरी शिवले नसते," ती म्हणाली. "शेवटी लई पाणी मागत होता."

"मग?"

तिनं समोरचा ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आन् माझ्याकडं बघितलं. "भाकरी लई चांगली हाय, ताई."

मला भ्या वाटलं, खरं सांगते. तिच्या दंडावर शेषेरावची लाल बोटं उमटली होती, आन् त्यांच्या खाली जुने, पिवळे पडलेले वळ होते. मी आणखी काही विचारलं न्हाई. तांब्या आणला आन् तिचा ग्लास परत भरला.