रचनाचा समुद्र मला दाखवता आला नाही

मी श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातला एक जुना संगणक आहे, मित्रांनो. माझा काळा डबा आता तपकिरी दिसतो, कारण खाऱ्या हवेने त्याला गंज चढवला आहे. तरी बटण दाबलं की मी चालू होतो. फक्त एक काम माझ्या हातून व्हायला हवं होतं, ते झालं नाही. तेच आज सांगतो.

माझे सुटे भाग पनवेलच्या एका छोट्या दुकानात जोडले गेले. तिथून मला न्यायला भिकूकाका आले. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस; दुकानात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. "पोरगी बारावीला हाय," ते म्हणाले, "चित्रांचं कायतरी शिकायचं म्हनते. चांगला बघून द्या." मग मला गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन ते घरापर्यंत आले. प्रत्येक वळणाला त्यांचा हात माझ्या डोक्यावर घट्ट व्हायचा.

ती पोरगी म्हणजे रचना. तिने माझ्यावर पहिली लाट काढली तेव्हा भिकूकाका पोट धरून हसले. "ही लाट न्हाय गो, ही घडी घातलेली चादर हाय!" रचनाने ती पुसली आणि पुन्हा काढली. वर्षभर ती लाटाच काढत होती. एक चित्र पुरं करायला मला तासभर लागे. माझा पंखा घरघर करी, अंग तापून जाई. केसरकाकू, म्हणजे रचनाची आई, बाजारातून मासे विकून आल्या की माझ्यावर हात ठेवत. "लय तापलाय बिचारा," म्हणत आणि घरातला टेबलपंखा माझ्याकडे वळवत. एवढं कौतुक माझं पुन्हा कोणी केलं नाही.

पुढे रचना शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. परदेशातल्या संगणकावरच्या खेळांसाठी चित्रं करणारी कंपनी होती ती. माझ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा पडला. विजेचं बिल भरायला, कुणाचा निकाल बघायला तेवढा तो घरचे उचलायचे. शेजारीच सुके बोंबील टांगलेले असत. त्यांचा बारीक चुरा, धूळ आणि मीठ माझ्या पंख्यात जमत गेलं. दोन वर्षं मला कोणी उघडून साफ केलं नाही.

मग एका दिवाळीला रचना आली ती डोळ्यांत चमक घेऊनच. एक मोठा खेळ येणार होता. जादूगार, उडते साप, धुक्यात हरवलेली बेटं, असं सगळं त्यात होतं. घरात ती त्याला नुसतं 'बेटांचा खेळ' म्हणायची. त्या खेळातलं समुद्राचं पाणी तिच्या गटाकडे होतं. तिने माझ्या पडद्यावर त्याची दोन मिनिटांची झलक लावली. खाली जगभरच्या लोकांनी हजारो प्रश्न लिहिले होते.

"लोक दोनच गोष्टी विचारतात, बाबा," ती म्हणाली. "खेळ हातात आल्यावर चित्रं अशीच दिसनार का, आणि खरंच मनाला येईल तिकडं जाता येनार का."

"आन येनार?"

"येनार. खेळातल्या राजाची लढाई नको तर सोडून द्यायची. होडी घ्यायची आणि निघायचं."

"बंदरातनं निघताना परवान्याचं टोकन लागंल?"

"न्हाय."

"पावसाळ्यातली बंदी?"

"ती पन न्हाय!"

 भिकूकाकांनी नाक माझ्या काचेला लागेल इतकं तोंड जवळ आणलं. "पन ह्ये चुकलंय. ओहोटीला फेस असा सरळ मागं जात न्हाय. तो वाळूवर थांबतो, फुटतो, आन पानी त्याच्या खालनं निघून जातं."

रचनाने ते कागदावर लिहून घेतलं. शिमग्याला आली तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "बाबा, तुमचा फेस केला मी! साहेबांनी तो तसाच ठेवला."

"दाखव."

पण ऑफिसातलं काम बाहेर दाखवायची परवानगी नव्हती. आणि खरं सांगायचं तर भिकूकाकांना नुसतं बघायचं नव्हतं. "चित्र बघून काय करू? सुकानू माझ्या हातात दे," ते म्हणाले. त्या दिवसापासून जगातल्या त्या हजारो लोकांसारखा एक म्हातारा कोळीही बेटांच्या खेळाची वाट बघू लागला. मी तर त्याच्याहून जास्त. रचनाचा समुद्र माझ्याच पडद्यावर उसळणार, असं मी धरूनच चाललो होतो.

याच दिवसांत त्यांचे डोळे अधू होऊ लागले. माणगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज वेळेवर थेंब घातले तर उरलेली टिकेल, असं ते बजावून म्हणाले. भिकूकाका आठवण झाली तर थेंब घालत. केसरकाकू रागावल्या की म्हणत, "समोरचं दिसतंय की!" समोरचं दिसतच होतं. नजर कडांनी आत येत होती, आक्रसत होती, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

पावसाळ्याआधी बातमी आली. खेळ अजून पूर्ण व्हायचा होता, पण त्याचा एक भाग तीन दिवस सगळ्यांना खेळून बघायला मिळणार होता. रचना रजा टाकून आली. ऑफिसचं मशीन ऑफिसात आणि तिचं स्वतःचं काहीच नाही, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. खेळ माझ्यात उतरायलाच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांचं बोट कीबोर्डवर ठेवलं आणि खेळ सुरू केला.

माझी ताकद कमी म्हणून तिने चित्रं अगदी साधी ठेवली होती. समुद्र निळ्या पत्र्यासारखा दिसला.

"फेस कुठाय?" भिकूकाकांनी विचारलं.

रचनाने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणू शकत नव्हतो. तिने चित्रांचा दर्जा दोन पायऱ्या वर नेला. आणि मित्रांनो, पाणी जिवंत झालं! फेस वाळूवर आला, थांबला, फुटू लागला. भिकूकाकांनी बोट दाबलं आणि होडी वीतभर पुढे सरकली. माझ्या आत जाळ उठला. मी पंखा फिरवायला गेलो, पण चिकटलेल्या मिठाने त्याला धरून ठेवलं होतं. मी जीव खाऊन तग धरला. तरी अकराव्या सेकंदाला पडदा काळा झाला.

तिने मला पुन्हा चालू केलं, पुन्हा मी बंद पडलो. तिसऱ्यांदा तर खेळ उघडलाच नाही. तिने माझी बाजू खोलली. आत लोकरीसारखा मळ आणि बोंबलांचा चुरा होता. "मी एकदा तरी उघडायला हवा होता," एवढंच ती म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसली. संध्याकाळी ते तीन दिवस संपले.

"दिसला गो," भिकूकाका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "बरा केलास फेस."

ते खोटं होतं. त्यांचे डोळे माझ्यापासून हातभर अंतरावर होते, मी नीट पाहिले होते. फेस पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होता आणि ते वरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत होते. मला तोंड नाही. मी कुणाला सांगणार?

त्यानंतर खेळ आठ महिने पुढे गेला. चित्रं अजून सुबक करायची आहेत, असं कारण आलं. तेवढ्या काळात भिकूकाकांना फक्त उजेड आणि अंधार उरला.

अखेर खेळ आला. रचना नवा लॅपटॉप घेऊन घरी आली आणि मला टेबलाखाली सरकवलं. तिने बाबांचं बोट पुन्हा कीबोर्डवर ठेवलं. लाटांचा आवाज घरभर झाला.

"कुठं हाय आपन?"

"बंदराच्या बाहेर, बाबा. पुढं सगळं मोकळं हाय."

"आडवं कोन न्हाय?"

"कोन न्हाय."

त्यांनी बोट दाबून धरलं. होडी निघाली. रचनाने त्यांना वळवलं नाही, थांबवलं नाही. दहा मिनिटं ते सरळ जात राहिले. मग हात काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "बास. आता तू ने. मला सांगत ऱ्हा."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र घरघर करत असेल तर ते आजच उघडून साफ करा. एखादं माणूस दुखणं लपवून हसत असेल तर त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात न्या. पुढे ढकललेला खेळ कधीतरी येतो. गेलेली नजर नाही.

उरलेला उजेड तरी राहावा म्हणून आता केसरकाकू रोज तीनदा थेंब घालतात. पण आज दिवे लागले तरी त्या बाजारातून आलेल्या नाहीत. थेंबांची बाटली कपाटावर आहे आणि भिकूकाका ओट्यावर बसून जाळं चाचपत आहेत. वेळ होऊन गेली, हे मला कळतं. मला हाक मारता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी त्यांना हाक मारता का?