अडीच मिलिमीटर

काकांच्या कारखान्यात त्यांच्या पुतणीला सगळे बारकी म्हणत. तिचं काम एकच: गिटारच्या मानेवर फ्रेटसाठी, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांसाठी, खाचा पाडायच्या, त्याही आजोबांच्या पितळी पट्टीवरच्या खुणांप्रमाणे. करवत चालवायची, डोकं चालवायचं नाही.

त्या दुपारी संगीत शिकवणाऱ्या बाई इथूनच घेतलेली आपली गिटार घेऊन तिसऱ्यांदा आल्या. "खाली छान वाजते हो, पण वर बोट सरकवलं की सूर उतरतो."

"तारा बदला," काका मान वर न करता म्हणाले.

"दोनदा बदलल्या."

"मग कान तपासून घ्या."

बाईंचा चेहराच पडला. बारकीच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं गिटार ओढून घेऊन मोजपट्टी लावली. "काका, तार साडेसहाशे मिलिमीटर. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर हवा, सव्वातीनशेवर. आपला तीनशे साडेबावीसवर आहे."

"अडीच मिलिमीटरनं कुणाचं घोडं अडलंय?"

"बाईंचं! आजोबा प्रत्येक फ्रेटला उरलेल्या तारेचा अठरावा भाग घ्यायचे. तो केसभर कमी पडतो, आणि बारा वेळा कमी पडला की एवढा होतो. अठराच्या जरा आतल्या आकड्यानं भागायला हवं."

"माझ्या वडिलांना तू शिकवणार? पटत नसेल तर चालू लाग!"

रंधा मारणाऱ्या कारागिरांचे हात थांबले. बारकीनं गिटार सोडली नाही. "चालू लागेन. आधी ही नीट करते."

काकांनी करवत कपाटात कोंडून कुलूप लावलं. बारकी बाजारात जाऊन स्वतःची घेऊन आली. खिडकीपाशी बसून तिनं सुरी तापवून मानेवरची जुनी फळी सोडवली, नवीन शिसवी फळीवर एकोणीस खुणा मोजून मोजून केल्या. पाच दिवस काका खिडकीकडे फिरकले नाहीत.

सहाव्या दिवशी बाईंनी मोकळी तार छेडली, मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडली. वरच्या सप्तकातला तोच सूर अस्सा जुळला! बाई वाजवतच सुटल्या. काका पाठमोरे उभे होते. पण त्यांचा कान पक्का होता, हे बारकीला ठाऊक होतं.

"या गिटारला आपलं लेबल लागणार नाही," ते अखेर म्हणाले.

"नकोच आहे."

तिनं तारा ढिल्या करून गिटारच्या भोकातून आत हात घातला आणि त्यांच्यादेखत पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलं. मुद्दाम ठळक.

काका अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. बारकीनं मात्र खिडकीपाशीच बस्तान बसवलंय, आणि गिऱ्हाइकं हल्ली थेट तिकडेच वळतात.