बारा वर्षांची दाढ

डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांड्याने पोरीचा गाल बाजूला सारला आणि शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. हिरडी फोडून दाढेचं एकच टोक वर आलं होतं. पोरीने डोळे मिटले. उजव्या हाताचं बँडेज मात्र तिने छातीशी घट्ट धरलं होतं. त्या हाताची दोन बोटं कारखान्याच्या यंत्राने खाल्ली होती.

"अक्कलदाढ येतेय तिला," मुकादम दारातूनच बोलला. "आठवडाभर ठणकतेय म्हणते. म्हणजे अठरा झालीच की. तेवढं वयाच्या दाखल्यावर लिहून द्या."

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचाही सकाळी फोन येऊन गेला होता. फार खोलात शिरू नका म्हणाले. अठरा लिहिलं की बोटं पोरीच्याच निष्काळजीपणाने गेली असं ठरणार, चौकशी मिटणार, आणि त्याच यंत्रावर उद्या दुसऱ्या कुणाची पोर बसणार.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"ही अक्कलदाढ नव्हे, तिच्या पुढची. बाराव्या वर्षाच्या आसपास येते. अक्कलदाढेचा हाडात अजून नुसता माथा तयार झालाय, मुळांचा पत्ता नाही. तुमची तर कधीच आली असेल. काय उपयोग झाला?"

मुकादम हसला. दात कुणाला लवकर येतात, कुणाला उशिरा, असं त्याने उलट बाईंनाच शिकवलं. जन्माचा दाखला नाही आणि सख्खी आई अठरा सांगते, मग दातांचं कोण ऐकतंय?

आई भिंतीला टेकून उभी होती. तीही त्याच कारखान्यात, त्याच्याच हाताखाली. सकाळपासून काहीही विचारलं तरी अठरा, एवढंच. बाईंना तिचाही राग येत होता, आणि तो येतो याचा जास्त.

"हिचा पहिला दात कधी पडला?" त्यांनी विचारलं.

आईने पोरीच्या बँडेजकडे पाहिलं.

"धाकटा झाला त्या दिवशी. मी बाळंत होऊन पडलेली, अन् ही दात मुठीत घेऊन दाखवायला आली."

"धाकटा केवढा आता?"

"त्याचा पहिलाच दात हलतोय."

पहिला दात सहाव्या वर्षाच्या सुमाराला हलतो; सहा अन् सहा, बारा. मुकादमाचं हसू जागच्या जागी वाळलं. पोरीची आई घाबरलीय, चुकून बोलली, हे लिहायचं नाही, असं तो भराभर म्हणाला.

बाईंनी पेन उचललं, पण आईकडे बघून थांबल्या. हिची नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून होती.

"चुकून नाही," आई म्हणाली. "लिहा. अन् आमच्या खात्यात आणखी चौघी आहेत. त्यांचेही दात बघा."